काचेच्या पेटीतले पान

आमचा प्रौढांचा वर्ग रात्री आठ वाजता भरतो. दिवसभराची कामे उरकून मंडळी येतात. कोणी शेतावरून येते, कोणी बाजार आवरून येते. बायका भांडीकुंडी आवरून येतात. एके दिवशी वर्गातल्या एका गड्याने खिशातून फोन काढला आणि आमच्यापुढे धरला. त्याच्या मुलाने त्याला त्यात एक चित्र दाखवले होते. एक लांबच लांब दालन. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पुस्तकांची कपाटे. मधोमध काचेच्या पेट्या. कपाटांपुढे ओळीने पांढऱ्या दगडाचे अर्धपुतळे.

"गुरुजी, हे देऊळ म्हणायचं का राजवाडा?" त्याने विचारले.

"दोन्ही नव्हे. हे ग्रंथालय आहे," आम्ही सांगितले. "आयर्लंड नावाचा देश आहे. त्याची राजधानी डब्लिन. तिथे ट्रिनिटी कॉलेज नावाचे जुने विद्यापीठ आहे. त्याचे हे ग्रंथालय."

"मग इथली माणसं पुस्तक हातात का घेत नाहीत? नुसती पेटीत डोकावतात आणि पुढं जातात."

मागच्या ओळीतल्या एक बाई म्हणाल्या, "पोरगा म्हणत होता, तिथं सहाशेऐंशी पानांचं एक जुनं पुस्तक आहे. पण एका जागी उघडून ठेवतात, तेवढंच बघायचं. तिकीट काढून एवढंच! हा कसला कंजूषपणा?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण प्रश्न मोलाचा होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत. आम्ही स्वतः डब्लिनला गेलेलो नाही. जे सांगतो ते वाचून सांगतो. वाचता येण्याचा हाच तर फायदा आहे. पायाला जे अंतर कापता येत नाही, ते डोळ्यांना कापता येते.

ग्रंथालयाची दोन कामे

ग्रंथालयाचे पहिले काम म्हणजे पुस्तके वाचायला देणे. दुसरे काम म्हणजे पुस्तके जपून ठेवणे. ही दोन कामे सख्खी भावंडे आहेत, पण त्यांचे नेहमी पटत नाही. पुस्तक हाताळले की झिजते. न हाताळावे तर ते असून नसल्यासारखे. नवे पुस्तक झिजले तर दुसरी प्रत आणता येते. पण जे पुस्तक जगात एकच आहे, हाताने लिहिलेले आहे, त्याचे काय करायचे? कुलपात ठेवले तर कोणालाच दिसणार नाही. हातोहात फिरवले तर नातवंडांपर्यंत पोचणार नाही.

यावर तोडगा म्हणून काचेची पेटी आली. पुस्तक पेटीत ठवणीवर उघडून ठेवायचे. शेजारी माहितीची चिठ्ठी ठेवायची. लोकांनी बघावे, पण हात लावू नये. याला प्रदर्शन म्हणतात. मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जुनी हस्तलिखिते, चित्रे, नकाशे, पत्रे, पुतळे, वाद्येसुद्धा जमा झालेली असतात. कोणी दान दिलेली, कोणी विकत घेतलेली. ती अशी मांडून ठेवतात.

ट्रिनिटी कॉलेजची स्थापना १५९२ साली झाली. चित्रात दिसले ते लांब दालन १७१२ ते १७३२ या वीस वर्षांत बांधले गेले. त्याची लांबी सुमारे ६५ मीटर आहे, म्हणजे दोनशे फुटांहून जास्त. त्यात सुमारे दोन लाख जुनी पुस्तके मावत. आरंभी त्याचे छत सपाट होते. १८०१ साली कायद्याने या ग्रंथालयाला एक हक्क मिळाला. त्या वेळच्या ब्रिटन व आयर्लंडमध्ये जे जे पुस्तक छापले जाईल, त्याची एक प्रत मागण्याचा तो हक्क. आपल्या देशातही १९५४ साली असा कायदा झाला, आणि मुंबईच्या एका ग्रंथालयाला तशा प्रती मिळू लागल्या. डब्लिनला पुस्तकांचा ओघ सुरू झाला. कपाटे भरली. शेवटी १८६० च्या सुमारास छत वर चढवले, ते लाकडी कमानीचे केले, आणि वर कपाटांची आणखी एक ओळ उभी केली. घरात माणसे वाढली की आपण माळा घालतो, तसेच.

पुस्तक कसले आहे?

ज्या पुस्तकाबद्दल बाईंनी विचारले, त्याला केल्सचे पुस्तक म्हणतात. केल्स हे आयर्लंडमधले एक गाव. हे पुस्तक सुमारे इसवी सन ८०० च्या वेळचे आहे. म्हणजे आपल्या ज्ञानेश्वर माउलींच्या आधीचे, आणि तेही चारशे वर्षांहून अधिक. त्यात ख्रिस्ती धर्मातली येशूची चार चरित्रे लॅटिन भाषेत लिहिलेली आहेत. लिहिणारे मठातले साधू होते. तीनचार जणांचे हात तरी त्यात दिसतात, असे जाणकार सांगतात.

हे पुस्तक कागदाचे नाही. तेव्हा त्या मुलखात कागद नव्हता. वासरांची कातडी कमावून, घासून, ताणून त्यांची पाने केली. सुमारे १८५ वासरांची कातडी लागली असावीत असा अंदाज आहे. आज ३४० पाने शिल्लक आहेत. पाठपोट धरली तर ६८० पृष्ठे होतात. पान सुमारे १३ इंच उंच आणि १० इंच रुंद आहे.

लेखणी पिसाची. शाई बहुतेक ठिकाणी हिराकस आणि ओकच्या झाडावरच्या गाठी यांची. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करीत, त्याच जातीची. निळा रंग नीळ देणाऱ्या एका झाडाच्या पानांचा. पिवळा रंग हरताळाचा. हरताळ म्हणजे एक पिवळे खनिज. विषारी असते. आपल्या पोथ्या लिहिणारेही ते जवळ ठेवीत. अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा लेप लावीत आणि वरून नवे अक्षर लिहीत. एखाद्याच्या कामावर पाणी पडले की आपण 'हरताळ फासला' म्हणतो, ते यावरूनच. इकडे जो रंग चूक झाकायला वापरला, तोच तिकडे शोभेला वापरला.

शोभा तरी किती! एका पृष्ठावर फक्त तीन मोठी अक्षरे काढली आहेत, आणि सारे पान त्यांनीच भरले आहे. अक्षराच्या पोटात वेलबुट्टी, वेलबुट्टीच्या पोटात आणखी बारीक वेलबुट्टी. सुरुवातीला नुसती नक्षी दिसते. मग डोळा सरावला की खाली कोपऱ्यात मांजरे आणि उंदीर दिसतात. एक पाणमांजर मासा धरून बसलेले दिसते. हजार वर्षांहून आधीच्या एका साधूने धर्मग्रंथाच्या पानात घरचे मांजर बसवले. माणूस कोठलाही असो, त्याच्या अंगणातले त्याच्या कामात उतरतेच.

पुस्तकाचे भोग

या पुस्तकाने पुष्कळ सोसले आहे. ते लिहिणाऱ्या साधूंचा मूळ मठ स्कॉटलंडजवळच्या आयोना नावाच्या बेटावर होता. ८०६ साली समुद्रावरून लुटारू आले आणि त्यांनी तिथले ६८ जण मारले. उरलेल्यांपैकी पुष्कळ जण आयर्लंडमध्ये केल्सला गेले. पुस्तक आयोनाला लिहिले की केल्सला, का अर्धे तिथे व अर्धे इथे, यावर विद्वानांत मतभेद आहेत.

१००७ साली केल्सच्या देवळातून एक मोठे पुस्तक रात्री चोरीला गेले. ते हेच, असे बहुतेक जाणकार मानतात. दोन महिने आणि वीस रात्रींनी ते सापडले. चोरांनी वरचे सोन्याचे वेष्टन काढून घेतले होते, आणि पुस्तक मातीच्या ढेकळाखाली टाकून दिले होते. त्यांना सोने कळले. पुस्तक कळले नाही.

सतराव्या शतकात लढायांचा काळ आला, तेव्हा ते डब्लिनला हलवले, आणि १६६१ च्या सुमारास ते ट्रिनिटी कॉलेजला मिळाले. तेथेही एक घाव बसला. एकोणिसाव्या शतकात ते बांधणीला दिले, तेव्हा बांधणाऱ्याने पानांच्या कडा कापून सारख्या केल्या. त्या कडांबरोबर काठाची काही चित्रेही गेली. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला पुस्तक नीटनेटके करायचे होते. पुढे १९५३ साली रॉजर पॉवेल नावाच्या निष्णात कारागिराने ते पुन्हा बांधले आणि त्याचे चार खंड केले. चार खंड केल्यामुळे एक प्रदर्शनात असताना बाकीचे विश्रांती घेऊ शकतात.

२००० साली त्यातला एक खंड ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे प्रदर्शनासाठी विमानाने पाठवला. एवढी काळजी घेऊनही वाटेत रंगाला किंचित इजा झाली. विमानाच्या यंत्राच्या थरथरीने ती झाली असावी, असा कयास होता. आता तुम्हीच सांगा, थरथरीनेही ज्याचा रंग सुटतो, ते पुस्तक रोज हजारो हातांत कसे द्यावे?

आमच्या हातून झालेली चूक

पण थरथरीपेक्षा मोठा शत्रू वेगळाच आहे. तो म्हणजे उजेड. हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी अनुभवाने शिकलो. सांगायला संकोच वाटतो, तरी सांगतो.

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत आम्ही जुन्या वस्तूंचे एक प्रदर्शन भरवले. गावातल्या एका वृद्ध वारकऱ्याच्या घरी पिढीजात पोथी होती. पहिल्या पानावर हाताने रंगवलेला विठोबा होता. पिवळाधमक पीतांबर नेसलेला. आबांनी ती पोथी कधी घराबाहेर काढली नव्हती. आमच्या शब्दाखातर ती त्यांनी रुमालात बांधून स्वतः आणून दिली. आम्ही हौसेने ती खिडकीपाशी टेबलावर उघडून ठेवली. हेतू हा की पोरांना स्वच्छ दिसावी. फाल्गुन-चैत्राचे दिवस. सकाळी दोन तास त्या टेबलावर ऊन यायचे. प्रदर्शन चांगले महिनाभर चालले.

पोथी परत करायला घेतली तेव्हा पीतांबर पांढुरका पडला होता. पिवळा रंग बहुधा हळदीसारख्या कशाचा तरी असावा. पानाची कड वर वळली होती. आम्हाला तोंडातून शब्द फुटेना. आबांनी पान बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "गुरुजी, देव गेला न्हाई. पीतांबर तेवढा गेला." आणि पोथी रुमालात बांधून घेऊन गेले.

ते रागावले असते तर बरे वाटले असते. घरातली कोणतीही बाई आम्हाला सांगू शकली असती की हळदीचा डाग उन्हात उडून जातो, आणि जरीचा शालू उन्हात वाळत घालत नाहीत. आम्ही मुख्याध्यापक होतो, पण आम्ही कोणाला विचारले नाही.

उजेडाचा हिशेब

उजेडाने रंग का जातो? उजेडात शक्ती असते. त्याच शक्तीवर पीक वाढते. ती शक्ती रंगावर पडत राहिली की रंगाचे बारीक कण मोडतात. कागदही पिवळा पडतो व ठिसूळ होतो. सगळे रंग सारखे नसतात. मातीचे, दगडाचे रंग पुष्कळ टिकतात. पानाफुलांचे, मुळांचे रंग लवकर उडतात.

यातली वाईट गोष्ट अशी की हा हिशेब साठत जातो. आज तासभर, उद्या तासभर, असे करत सगळे तास वहीत जमा होतात. मध्येच वर्षभर अंधारात ठेवले म्हणून आधीचे तास खोडले जात नाहीत. गेलेला रंग परत येत नाही. म्हणून राखणारे लोक दोन गोष्टी करतात. उजेड कमी ठेवतात, आणि एकच पान फार दिवस उघडे ठेवत नाहीत.

उजेड मोजण्याचे माप आहे. त्याला लक्स म्हणतात. मेणबत्ती एक फुटावर धरली की सुमारे १० लक्स उजेड पडतो. भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. नाजूक हस्तलिखितांवर सुमारे ५० लक्सच उजेड असावा, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणून अशा दालनात पाऊल टाकले की अंधारल्यासारखे वाटते. थोडा वेळ थांबावे. डोळे सरावतात आणि पान दिसू लागते.

दुसरा शत्रू म्हणजे हवेतली ओल. तुमच्यातले कोणी भजनात ढोलकी वाजवत असतील. पावसाळ्यात ढोलकी उतरते, उन्हाळ्यात चढते. का? कातडे ओल पिऊन सैल पडते आणि सुकले की ताणते. केल्सचे पुस्तकही कातड्याचेच आहे. पान सैल पडले, ताणले, पुन्हा सैल पडले, असे होत राहिले तर त्यावरचा रंग पोपडे धरून गळेल. म्हणून पेटीतली ओल वर्षभर सारखी ठेवावी लागते. काचेची पेटी फक्त चोरासाठी नसते. तिच्यात पुस्तकाचा स्वतःचा ऋतू सांभाळलेला असतो.

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर झाले. एकच पान दाखवतात ते कंजूषपणाने नव्हे. काही आठवड्यांनी ते पान मिटतात आणि दुसरे उघडतात. असे केले की प्रत्येक पानाच्या वाट्याला थोडा उजेड येतो आणि पुष्कळ अंधार येतो. शिवाय साऱ्या पानांची छायाचित्रे काढून ती कोणालाही फुकट बघता येतील अशी इंटरनेटवर ठेवली आहेत. त्या गड्याच्या फोनवर मांजर-उंदीर सुद्धा मोठे करून बघता आले. आम्ही सर्वांनी बघितले.

मोठ्यांच्याही चुका होतात

फोनवर बघता बघता आम्ही वर्गाला आणखी एक गोष्ट सांगितली. वर्गाला ती सर्वांत आवडली. हे इतके सुंदर पुस्तक, पण त्यात लिहिताना चुका झालेल्या आहेत.

एका ठिकाणी लेखनिकाने आधीच लिहिलेले एक सबंध पृष्ठ पुन्हा लिहून काढले. चूक ध्यानात आली तेव्हा कातडे फाडून कसे टाकणार? त्याने ओळींच्या मध्ये लाल रंगाच्या सुबक फुल्या काढल्या. म्हणजे वाचणाऱ्याने हे पृष्ठ सोडून द्यावे. खाडाखोडही नक्षीसारखी केली.

दुसऱ्या ठिकाणची चूक एका शब्दाएवढी आहे. लॅटिनमध्ये 'ग्लाडियम' म्हणजे तलवार आणि 'गाउडियम' म्हणजे आनंद. जिथे तलवार हवी होती, तिथे लेखनिक आनंद लिहून गेला. अर्थ उलटा झाला. बिचारा दमला असेल, की त्याच्या मनातच तलवार नसेल, कोण जाणे!

आमच्या वर्गात पन्नाशीच्या एक बाई आहेत. 'ध' आणि 'घ' यांत त्यांची गफलत होते. 'घर' लिहायला जातात आणि 'धर' होते. दोनदा त्यांनी पाटी खाली ठेवली होती. ही गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे त्या साधूलाबी गफलत व्हायची तर!" आणि त्यांनी पाटी पुन्हा उचलली.

चिठ्ठी नीट वाचावी

काचेच्या पेटीशेजारी माहितीची छोटी चिठ्ठी असते. पुष्कळ लोक वस्तू बघतात आणि चिठ्ठी सोडतात. तसे करू नये. चिठ्ठीत साधारण पाच गोष्टी असतात. वस्तूचे नाव, ती कशाची केली आहे, कधीची आहे, कोणी केली, आणि ती कोठून आली. एवढे वाचले की मुकी वस्तू बोलू लागते.

एक उदाहरण देतो. त्याच ग्रंथालयात एक जुने तंतुवाद्य आहे. त्याला हार्प म्हणतात. लाकडाची तिकोनी चौकट आणि तिला ताणलेल्या पितळी तारा. त्याला लोक 'ब्रायन बोरूची हार्प' म्हणतात. ब्रायन बोरू हा आयर्लंडचा मोठा राजा. तो १०१४ साली लढाईत मारला गेला. पण वाद्य चौदाव्या-पंधराव्या शतकातले आहे! म्हणजे राजा गेल्यावर तीनशे वर्षांनी किंवा त्याहूनही नंतर केलेले. राजाने ते कधी बघितलेही नाही. नुसते नाव ऐकणाऱ्याला हे कळत नाही. चिठ्ठीतले शतक वाचणाऱ्याला कळते.

म्हणून त्या वाद्याचे मोल कमी होत नाही, हेही खरे. आयर्लंड देशाने आपल्या राजमुद्रेसाठी याच वाद्याचा आकार घेतला. तिथल्या नाण्यांवर तो असतो. आपल्या नाण्यावर सारनाथचे सिंह असतात, तसे.

पुतळे कोणाचे?

चित्रात कपाटांपुढे संगमरवरी अर्धपुतळे दिसले होते. ते मांडायला १७४३ साली सुरुवात झाली. तत्त्वज्ञ, लेखक, शास्त्रज्ञ आणि कॉलेजशी संबंध असलेले थोर लोक. सगळे पुरुष. दोनशेसत्तर वर्षांहून अधिक काळ त्या ओळींत एकही बाई नव्हती. त्या कॉलेजाने मुलींना प्रवेशच मुळी १९०४ साली दिला.

मग २०२३ साली चार स्त्रियांचे पुतळे तेथे बसवले. रोझलिंड फ्रँकलिन या शास्त्रज्ञ. सजीवांच्या पेशीत जो वारसा साठवलेला असतो, त्याचा आकार उलगडायला त्यांनी काढलेल्या छायाचित्रांची मोठी मदत झाली. ऑगस्टा ग्रेगरी या आयर्लंडच्या नाटककार. एडा लव्हलेस या गणिती. संगणक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी यंत्राला हिशेब कसा शिकवावा याचा विचार केला. चौथ्या मेरी वुलस्टनक्राफ्ट. मुलींना मुलांसारखेच शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी अठराव्या शतकात लेखणी चालवली.

प्रदर्शनात काय मांडले हे जसे बघावे, तसे काय मांडले नाही हेही बघावे. आम्ही वर्गात हे सांगितले तेव्हा बायकांनी भिंतीकडे बघितले. आमच्या वर्गाच्या भिंतीवर सात तसबिरी होत्या. सगळ्या पुरुषांच्या. सावित्रीबाई फुल्यांचे नाव आम्ही शेकडो वेळा घेतले असेल, पण त्यांची तसबीर लावायचे राहिले होते. पुढच्या आठवड्यात ती लागली. बायकांनीच वर्गणी काढली.

पुस्तके निघाली

त्या लांब दालनाची गोष्ट अजून संपलेली नाही. पुस्तकांवर शहराची धूळ व धूर बसत होता. २०१९ साली पॅरिसच्या नोत्रदाम या जुन्या देवळाला आग लागली, तेव्हा सर्वांचेच डोळे उघडले. लाकडी छताखाली दोन लाख पुस्तके! म्हणून इमारत सुधारायचे ठरले, आणि २०२२ साली पुस्तके काढायला सुरुवात झाली. एकेक पुस्तक हातात घ्यायचे, धूळ शोषून घ्यायची, मोजमाप लिहायचे, खुणेची चिठ्ठी लावायची आणि सुरक्षित कोठारात न्यायचे. असे हजारो नव्हे, लाखो वेळा.

कपाटे रिकामी झाली. रिकामे घर भकास दिसते. २०२३ साली त्या दालनात ल्यूक जेरम नावाच्या कलावंताने केलेला पृथ्वीचा भला मोठा उजळलेला गोल टांगण्यात आला. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून तो केला आहे. रिकाम्या कपाटांमध्ये सबंध पृथ्वी लोंबकळत राहिली. तीही जपण्याची वस्तू आहे, आणि तिची दुसरी प्रत नाही, हे वेगळे सांगावे लागले नाही.

आपल्या जवळचे

एवढे दूर जायला नको. मुंबईला गेलात तर चर्चगेट स्थानकापासून थोडे चालून राजाबाई मनोरा बघा. तो मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या इमारतीवरचा मनोरा आहे. १८७८ साली तो पुरा झाला. उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी मोठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव दिले. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या दगडी मूर्ती आहेत. त्या रस्त्यावरून दिसतात. त्यांना तिकीट नाही.

या ग्रंथालयाच्या खिडक्यांत रंगीत काचांची चित्रे आहेत. येथे एक गंमत ध्यानात घ्या. हस्तलिखिताला उजेड मारतो, पण या चित्रांना उजेडच जिवंत करतो. कारण येथे रंग वरून लावलेला नाही. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंचे क्षार मिसळून रंग आणतात. म्हणून तो उन्हाने उडत नाही. मात्र काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. त्या पट्ट्या काळाने थकतात आणि काच मळते. म्हणून तेथे दुरुस्तीचे मोठे काम निघाले आणि ते २०१५ साली पुरे झाले. २०१८ साली त्या परिसराचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आले.

आणि अगदी जवळचे म्हणजे आपले गाव. आबा आता नाहीत. त्यांच्या नातवाने गेल्या आषाढीला ती पोथी आमच्या वर्गाला दोन दिवसांसाठी दिली. आम्ही नको म्हणत होतो. तो म्हणाला, "आजोबा सांगून गेलेत. गुरुजींनी मागितली तर नाही म्हणू नका."

या वेळी आम्ही नीट विचारपूस केली. खोलीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, खिडकीपासून दूर, ठवणीवर पोथी ठेवली. पुरती उघडली नाही, पाठीवर ताण येईल म्हणून. वर काचेचे झाकण घातले. ओल्या हाताने, तेलाच्या दिव्याने, अगरबत्तीने जवळ जायचे नाही, असे ठरवले. पीतांबर पांढुरकाच होता. तो आता तसाच राहणार.

चिठ्ठी कोणी लिहायची? 'ध' आणि 'घ' यांत गफलत करणाऱ्या बाईंनी ती लिहिली. आधी पाटीवर तीनदा, मग कार्डावर. 'घरातली जुनी पोथी. हाताने लिहिलेली. पहिल्या पानावर विठोबा. पीतांबर पिवळा होता. उन्हाने गेला. कृपा करून दिवा जवळ आणू नये.' घर, घरच राहिले.

लोक आले. रांगेने वाकून बघत होते. त्यातल्या ज्यांना वाचता येत होते ते चिठ्ठी मोठ्याने वाचत होते आणि ज्यांना येत नव्हते ते ऐकत होते. ऐकणाऱ्यांपैकी तिघांनी त्याच संध्याकाळी वर्गात नाव घातले.